युनूसभाऊ शेवट चोरत नसत

आमच्या गल्लीतल्या युनूसभाऊंनी पंधराएक वर्षं सिनेमे चोरले, पण त्यातल्या एकाही सिनेमात माणूस मरू दिला नाही.

हे मी आता शांतपणे लिहिते आहे. तेव्हा हे कळायला मला धुळ्याला जाऊन अख्ख्या सासरासमोर तोंडघशी पडावं लागलं होतं.

जळगावात आमच्या दारासमोर त्यांचं दार. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत ते आणि त्यांची आई. आईला सगळी गल्ली अम्मीच म्हणायची. दुकान म्हणजे व्हिडिओ लायब्ररी, पण त्याला पाटी नव्हती. "पाटी लावली की पोलीस वाचतात," युनूसभाऊ म्हणत. फळीवर दोन व्हीसीआर शेजारी शेजारी, मध्ये वायरींचा गुंता. एकात मालेगावहून नाहीतर सुरतेहून आलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी. दिवसभर या यंत्रातून त्या यंत्रात सिनेमा उतरत असायचा. घरातला एकुलता एक कूलर यंत्रांकडे तोंड करून ठेवलेला. मे महिन्यात गिऱ्हाईक कॅसेट घेऊन झाल्यावरही यंत्राची चौकशी करत तिथंच रेंगाळायचं.

चोरी हा शब्द तेव्हा कोणाच्या डोक्यातही येत नव्हता. ओरिजनल कॅसेट म्हणजे काय हे आम्ही फक्त ऐकून होतो, जसं काश्मीर ऐकून होतो. टॉकीजला सहा माणसं न्यायची तर तिकिटं, रिक्षा, मध्यंतरातले समोसे. युनूसभाऊंची एक कॅसेट एका दिवसाच्या भाड्यात तीन घरं बघायची. शिवाय गल्लीत निम्म्या घरांत आकडा टाकून वीज घेतलेली. चोरीच्या विजेवर चोरीचा सिनेमा बघणाऱ्याला वेगळं काय वाटणार? आमचे हे दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला. त्यामुळे आकडा टाकायची आम्हाला लाज. आम्ही बिल भरायचो आणि अंधारात बसायचो.

मी रावेरकडच्या केळीवाल्यांची मुलगी, नवीनच लग्न होऊन आलेली आणि बी.ए. झालेली. हे बी.ए. मी भाजीवाल्यालासुद्धा सांगायची. तर या बी.ए. बाईची अक्कल ऐका. एका सिनेमात नायकाला पोटात तीन गोळ्या लागल्या. तो कोसळला, नायिका धावत आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आणि पुढच्या क्षणी दोघं बागेत नाचत होती. त्याच्या अंगात पांढरा स्वच्छ शर्ट. मग समाप्त.

मला काही खटकलं नाही. मी म्हटलं, डॉक्टर चांगला असेल.

पुढं दिवाळीत आम्ही नणंदेकडे धुळ्याला गेलो. शेवभाजीचं जेवण चाललं होतं, तोंडं लाल झाली होती, तेवढ्यात याच सिनेमाचा विषय निघाला. नणंद म्हणाली, "शेवटी बिचारा मरतो, मला तर रडूच आवरेना."

"मरत नाही," मी म्हणाले.

"अगं मरतो. मी टॉकीजला बघितलाय."

"वन्सं, मी घरी बघितलाय. दोनदा. शेवटी बागेत गाणं आहे."

"ते गाणं मध्यंतराच्या आधी आहे."

"तुमच्या धुळ्याच्या टॉकीजवाल्यांनी रिळं उलटसुलट लावली असतील."

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. मी पैज लावली. तो सिनेमा धुळ्यात पुन्हा लागलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला नणंद, नंदावा, त्यांचे थोरले आबा, सगळ्यांना घेऊन मी ऐटीत निघाले. तीन गोळ्या लागल्या. मी अंधारात सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आता बघा." सगळ्यांनी बघितलं. नायक मेला. नीट, सावकाश, दोन पानी भाषण करून मेला. बाग आलीच नाही. बाहेर पडताना आबांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "सूनबाई, बी.ए. म्हणजे किती वर्षांचं असतं?"

जळगावला परत आल्यावर मी घरात पाय टाकायच्या आधी समोरच्या दुकानात गेले.

"युनूसभाऊ, तुमच्या कॅसेटीतला माणूस धुळ्यात मेला."

ते जराही चपापले नाहीत. "मरू द्या, वहिनी. आपल्याकडे जिवंत आहे."

"म्हणजे तुम्ही शेवट कापता?"

"कापत नाही. घेतच नाही. पूरा पिच्चर चोरीचा. चोरायचंच तर माणसानं चांगलं चांगलं चोरावं ना? मरण कशाला उचलून आणू दुसऱ्याच्या घरातून?" मग गंभीरपणे म्हणाले, "आणि भाडं पण त्या मानानं घेतो. शेवट नसला की रुपया कमी."

खरंच होतं. कधी कधी रुपया कमी घेत, आणि मला वाटायचं माझ्या शिक्षणाचा मान राखतात.

पुढं मला त्यांची सगळी रीत कळली. शेवट कुठून सुरू होतो हे कळायला तो बघावा लागेल, पण बघायचा तर जीव होत नाही. म्हणून टॉकीजला जाऊन आलेला कोणी दिसला की ते त्याला गाठत. "कधी मरतो?"

"घोड्यावरून पडतो तेव्हा."

"मग घोड्यावर बसेपर्यंत घेतो. एवढं पुरे."

आणि मग त्याच सिनेमातलं एखादं हसरं गाणं मागं नेऊन शेवटाला जोडायचं. जोडकाम इतकं सफाईदार की सांधा दिसायचा नाही. दिसायचा तो फक्त शर्ट, पुन्हा पांढरा झालेला.

तयार झालेली कॅसेट पहिल्यांदा अम्मी बघायच्या. त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे घरात मुलाशी हिंदी आणि माझ्याशी अहिराणी. दुपारी मी लसूण सोलायला त्यांच्या ओट्यावर जायची. युनूसभाऊ आत यंत्रापाशी आहेत हे बघून अम्मी हळूच विचारायच्या, "शेवटले मरस ना तो?"

नणंदेला विचारून मी खरे शेवट आणून ठेवलेले असायचे. पैज हरल्याचा मी तेवढाच फायदा करून घेतला होता. "मरतो, अम्मी. आणि तीसुद्धा विष खाते."

"आस्सं," म्हणून अम्मी चवीनं मान हलवायच्या आणि लसणाचा पुढचा गड्डा घ्यायच्या.

अम्मींचा धाकटा मुलगा सलीम आखाती देशात होता. तिकडं गाड्या दुरुस्त करायचा. अम्मींना वाचता येत नव्हतं, म्हणून तो पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि गावाकडं येणाऱ्या कोणाच्या तरी हाती ती कॅसेट द्यायची, तेव्हा पुष्कळ घरांतून असंच चाले. त्याची कॅसेट आली की युनूसभाऊ गुरुवारी दुपारी दुकान बंद करून अम्मींच्या शेजारी बसत आणि ती लावत. अम्मींचा सगळा जीव त्या टेपमध्ये. तेवढा वेळ आम्ही फोडणीसुद्धा देत नसू. माझा मुलगा झाला तेव्हाच्या कॅसेटमध्ये सलीमनं आठवण ठेवून म्हटलं होतं, "सामनेवाली भाभी को बेटा हुआ, मुबारक बोलना, अम्मी. उसको मेरी तरफ से गोद में लेना." अम्मींनी लगेच त्याला माझ्याकडून घेतलं होतं. त्यानं लगेच त्यांना ओलं केलं होतं.

त्यानंतर मी संसारात बुडाले. गुरुवारी समोरून टेपचा आवाज यायचा, एवढं कानावर असायचं.

मुलगा पहिलीत गेला त्या वर्षी दुकानावर धाड पडली. कुठल्या तरी कंपनीची तक्रार होती, म्हणे. जीप आली, गल्ली दारात उभी राहिली. युनूसभाऊ इतके शांत की पोलिसांनाच अवघडल्यासारखं झालं. "हा व्हीसीआर खालून धरा साहेब, नाहीतर झाकण निघतं," असं सांगत ते स्वतः सामान जीपमध्ये ठेवू लागले. सगळ्या कॅसेटी गेल्या, कूलरसुद्धा कोणीतरी चाचपून बघितला. मग एका शिपायानं मागच्या खोलीतून खुंटीवरची एक कापडी पिशवी आणली आणि युनूसभाऊंचा चेहराच बदलला.

"ती नको. त्यात पिच्चर नाही."

"कॅसेटी आहेत ना?"

"घरच्या आहेत."

"तिकडं येऊन सांगा."

जीप निघाली आणि तिच्यामागं युनूसभाऊ सायकल हाणत निघाले. दोन यंत्रं गेली तेव्हा हूं की चूं न केलेला माणूस. अम्मी ओट्यावर बसून होत्या. मला म्हणाल्या, "सलीमनी पिशवी लई ग्यात. तू शिकेल शे बेटा, जाय, त्यासले समजाड."

बी.ए. शेवटी कामाला आलं. मुलगा नुकताच शाळेतून आला होता. त्याला तसाच गणवेशात बोटाला धरून मी चौकीत गेले आणि हवालदारांना भाषण सुरू केलं, की ही एका आईची पत्रं आहेत, पत्र जप्त करता येत नाही, वगैरे. कायद्यातलं मला काही ठाऊक नव्हतं. आवाज होता.

हवालदार सावळे, थोराड, सोशिक गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, गाणी नाहीत हे ऐकल्याशिवाय कसं ठरवू?" त्यांनी टेप मागवला. "ही कधीची?"

"मागच्या महिन्याची," युनूसभाऊ म्हणाले. ते भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघत होते.

सलीमचा आवाज आला. तब्येत ठीक आहे, काम चांगलं आहे, इधर गर्मी बहुत है. आणि मग, "सामनेवाली भाभी को बेटा हुआ, मुबारक बोलना, अम्मी."

हवालदारांनी माझ्याकडे बघून सभ्यपणे मान लववली. "अभिनंदन, ताई."

माझा मुलगा शेजारी उभा होता. पुढचा दात पडलेला.

"ही?" त्यांनी दुसरी घेतली.

"ईदची," युनूसभाऊ म्हणाले.

तिच्यातही गरमी होती. काम चांगलं होतं. मग अम्मींना सलाम, मग थोडं हसू, आणि त्यानंतर पुन्हा मला मुलगा झाला. हवालदारांनी टेप थांबवला. "ताई, मुलं किती तुम्हाला?"

"एकच."

"हाच?"

"हाच."

मला एकदम तो शर्ट दिसला, पांढरा स्वच्छ, तीन गोळ्यांनंतरचा. किती वर्षं मी समोर राहत होते आणि किती वर्षं तो सांधा मला ऐकू आला नव्हता.

"म्हणजे या पण डुप्लिकेटच," हवालदार म्हणाले.

"हो साहेब. जुन्या चार होत्या, त्यांचेच तुकडे जोडून करतो." युनूसभाऊंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. "पण मूळ मालक माझा भाऊ आहे. पाच वर्षं झाली, त्याची कॅसेट नाही. त्यानं एकदा तरी तक्रार करावी, याची तर मी वाट बघतोय."

हवालदारांनी दोन्ही कॅसेटी मागं फिरवून पहिल्यापासून लावून पिशवीत ठेवल्या. पिशवी माझ्या मुलाच्या हातात दिली. यंत्रांचा खटला मात्र चालला. कायदा तेवढा होताच.

परत येताना युनूसभाऊ सायकल हातात धरून चालत होते. मी विचारलं, "सलीमभाऊ बरे आहेत ना पण?"

"बरा आहे. नरडाण्याचा एक माणूस भेटून आला त्याला. तिकडं घर केलंय. पैसे नाही, निरोप नाही, पण बरा आहे." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "पिच्चरचं सोपं असतं, वहिनी. कुठवर घ्यायचं ते विचारता येतं कोणाला तरी."

त्या गुरुवारी अम्मींनी मला बोलावून घेतलं. दुकानाच्या फळ्या रिकाम्या होत्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कूलरचं तोंड अम्मींकडे होतं. युनूसभाऊंनी टेप लावला. गरमी आली, काम आलं, सलाम आला. मी खाली मान घालून लसूण सोलत राहिले. मुलगा झाल्याचं आलं तेव्हा अम्मींनी हात पुढं केला, दारात पेरू खात बसलेल्या माझ्या घोड्याला जवळ ओढलं आणि मांडीवर बसवलं. त्याचे पाय जमिनीला टेकत होते.

"अच्छी है," कॅसेट संपल्यावर त्या युनूसभाऊंना म्हणाल्या. "नई है ना?"

"हां, अम्मी. परसों आयी."

ते समाधानानं उठले आणि रिकाम्या दुकानात जाऊन काहीतरी आवरू लागले. आवरण्यासारखं तिथं काही नव्हतं. अम्मींनी मधल्या दाराच्या पडद्याकडे एकदा बघून घेतलं.

"पाच वरीस व्हयनात," त्या हळू आवाजात मला म्हणाल्या, "आनि तेना आवाज जराबी म्हातारा व्हयना नही."

माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. अम्मींनी माझ्यापुढचं सूप स्वतःकडे ओढलं आणि उरलेला लसूण सोलायला घेतला.

"युनूसले शेवट सांगू नको, बेटा," त्या म्हणाल्या. "कच्चा शे तो."