घर विचारतंय, कुठवर आलास?

मोबाइलच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली की आमच्या ऑफिसात सगळ्यांची गाळण उडते. माझी नाही! मी ती कोळून पितो. बाकीचे 'ॲप बंद पडलं, ॲप बंद पडलं' म्हणून कपाळ बडवत असतात, तेव्हा मी शांतपणे चहा ढवळत बसलेला असतो.

यंदा आम्हा ॲप बनवणाऱ्यांसाठी एक नवी सोय आली होती, 'जवळची माणसं'. तुमचं कुणाशी जास्त बोलणं होतं, कुणाला तुम्ही लगेच उत्तर देता, हे फोन स्वतःच ओळखणार. त्या माणसाचा मेसेज मोठ्या अक्षरांत दाखवणार, वर खणखणीत आवाजात वाचूनही दाखवणार. ते माणूस गप्प झालं, तर चौकशीसुद्धा करणार! आमचं ॲप या सोयीशी जुळवायचं काम माझ्याकडे आलं. अर्थात रविवारी.

रविवारचं काम नेहमी माझ्याच गळ्यात पडतं. साहेबांचं वाक्य ठरलेलं आहे, "तुला काय रे, घरी कोण वाट बघतंय?" यावर मी हसतो. दरवेळी हसतो. एकदा तरी हसू नये असं फार वाटतं.

तर, सोय तपासायची म्हणजे जवळचं माणूस हवं. ते आणायचं कुठून? माझा एक जुना, काच तडकलेला फोन होता. तो घरी साखरेच्या डब्याशेजारी चार्जरला लावून ठेवला, त्याचा नंबर 'घर' या नावानं साठवला आणि आपोआप मेसेज जातील अशी व्यवस्था केली. दुपारी 'जेवलास का?' संध्याकाळी 'कुठवर आलास?' मी इमानदारीत उत्तरं द्यायचो. 'जेवलो.' 'निघालोच.' चाचणी म्हणजे चाचणी! थोड्याच दिवसांत फोननं माझं जवळचं माणूस ठरवून टाकलं, घर.

मग मीटिंग भरली. मी फोन भिंतीवरच्या पडद्याला जोडला, ऐटीत घसा खाकरला, "तर बघा मंडळी..." आणि पडद्यावर हातभर अक्षरं उमटली. पाठोपाठ आवाज आला, "घर विचारतंय. जेवलास का?"

"अगोबाई!" हिशेब बघणाऱ्या काकू ओरडल्या. "अरे लबाडा! लग्न केलंस आणि कुणाला पत्ता लागू दिला नाहीस?"

"अहो काकू, तसं नाही, हे चाचणीसाठी..."

"लाजतोय बघा कसा!"

साहेब तर खुर्चीतून उठून आले. माझ्या पाठीवर थाप मारली. "आधी सांगायचंस की! मग आता रविवारी कसा येशील तू? वहिनी घरी वाट बघत असतील."

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण रविवार हो! अख्खा रविवार! मी लाजल्यासारखी मान खाली घातली.

पहिल्या रविवारी मी पडदे धुतले. दुसऱ्या रविवारी तेच पडदे पुन्हा धुतले. दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. ऑफिसात निदान पहारेकरी तरी असतो! पण माघार घेईल तो मी कसला? उलट मेसेज सुधारले. 'आज इतका गप्प का?' 'दमलास का रे?' काकू रोज "काय म्हणतेय सूनबाई?" म्हणत माझा फोन बघायच्या. एकदा त्यांचे डोळे पाणावले. "किती जपते रे तुला!" त्या म्हणाल्या. मलाही भरून आलं. ते मीच लिहिलंय, हे क्षणभर विसरायलाच झालं.

आणि एका शनिवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर साहेब आणि काकू! काकूंच्या हातात नवाकोरा कुकर.

"सूनबाईला बघितल्याशिवाय हलणार नाही मी!"

"ती... माहेरी गेलीय."

काकू तोवर आत शिरल्याही होत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "काय रे, खुर्ची एकच? कपही एकच?"

"आम्ही आळीपाळीनं बसतो," मी म्हणालो. दुसरं काय सुचणार!

तेवढ्यात माझा खिसा गरजला, "घर विचारतंय. कुठवर आलास?"

"अरे, पण तू तर घरीच आहेस!" साहेब म्हणाले.

साखरेच्या डब्याशेजारी तडकलेली काच उजळली होती. काकू तिथं गेल्या. तो फोन उचलून त्यांनी वाचायला सुरुवात केली. माझी सगळी उत्तरं तिथं ओळीनं मांडलेली. 'जेवलो.' 'निघालोच.' 'दमलो गं आज.' त्यातला 'गं' चाचणीसाठी लागत नव्हता, हे मलाही मान्य आहे.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मीही हसलो असतो, सवय आहे मला. काकूंनी फोन अलगद जागेवर ठेवला, कुकर शेगडीवर ठेवला. "असू दे. एकट्यालाही लागतोच," त्या म्हणाल्या. साहेबांनी बराच वेळ बुटाची नाडी बांधली. मग वर न बघता विचारलं, "मग... उद्या येतोस ना?"

"येतो की!" मी म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण हायसं वाटलं.

ते गेल्यावर मी ते मेसेज बंद करून टाकले. चाचणी संपली, विषय संपला! पुढचे दोन-तीन रविवार ऑफिसात काढले आणि एका संध्याकाळी कामावरून निघताना फोन वाजला. नवी सोय, तिच्या वेळेवर हजर! 'तुमचं जवळचं माणूस बरेच दिवस बोललेलं नाही. सगळं ठीक आहे ना?' खाली दोन बटणं. एक, 'यादीतून काढा'. दुसरं, 'उद्या पुन्हा विचारा'.

आवृत्ती कोळून प्यालेला मी, पण कोणतं दाबायचं ते कळेना! बस आली, गेली. शेवटी 'उद्या पुन्हा विचारा' दाबलं.

आता त्याच्यानंतरची आवृत्तीसुद्धा आली. मी अजून रोज तेच दाबतोय.