अप्पांच्या खात्याला टाळं

माझ्यासारखा हिशोबी माणूस चेन्नईच्या अख्ख्या अंबत्तूरमध्ये शोधून सापडायचा नाही! हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं हिशोब लिहितो आहे, आणि या सत्तावीस वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही. कारखान्याचा, म्हणजे. घरचं आता सांगतो.

आमच्या अप्पांच्या छातीत पेसमेकर आहे. अप्पा म्हणजे माझे वडील, वेंकोबाराव, वय एकोणऐंशी, रेल्वेतून निवृत्त. ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले, ‘बॅटरी संपत आली आहे, महिन्याभरात बदलून घ्या. सव्वादोन लाख खर्च येईल. आणि तोपर्यंत जिने चढायचे नाहीत, धावपळ करायची नाही.’

बायको, कृष्णवेणी, घाबरली. मी हसलो! कारण मोबाइलमध्ये माझी डिजिटल नाणी होती. आमच्या ऑफिसातल्या श्रीवत्सच्या नादानं तीन वर्षं गुपचूप जमवलेली, आणि आज विकली तर दोन लाख चाळीस हजारांची! अप्पांच्या शिलकीला हात न लावता त्यांची बॅटरी बदलायची आणि मग सगळ्यांसमोर सहज म्हणायचं, ‘त्यात काय मोठंसं!’ असा माझा बेत होता.

‘पण सर,’ श्रीवत्स म्हणाला, ‘रीतसर विकलीत तर सरकार नफ्यावर तीस टक्के घेणार. वर विकताना एक टक्का कापणार, तो वेगळा.’

‘तीस टक्के? काय म्हणून? बॅटरी सरकारच्या छातीत बसवायची आहे का?’

‘मग थेट माणसाला विका. तो तुमच्या खात्यात पैसे टाकेल, तुम्ही त्याला नाणी द्यायची. फक्त पगाराचं खातं नको. बँका फार बारीक बघतात हल्ली.’

माझं आणि अप्पांचं मिळून एक जॉइंट खातं आहे, तांबरमच्या शाखेत. त्यात अप्पांची पेन्शन येते, आणि त्यांची आयुष्याची शिल्लक, एक लाख साठ हजार, तिथेच आहे. म्हाताऱ्या पेन्शनरच्या खात्यावर कोण संशय घेणार? मी माझ्याच डोक्यावर खूश झालो.

गिऱ्हाईक दहा मिनिटांत मिळालं. नाव नाही, गाव नाही, फोटोच्या जागी सिंह! आणि इथे माझ्यातला तंजावरकर मराठी माणूस जागा झाला. आमच्यात शुभकार्याचा पैसा पूज्यावर संपू देत नाहीत. लग्नाचा आहेर असो की देवळाची देणगी, वर एक रुपया हवाच. अप्पांच्या काळजाचं काम आणि पूज्यावर संपणारी रक्कम? छे! मी सिंहाला लिहिलं, ‘कृपया एक रुपया जास्तीचा पाठवा. आधी तोच पाठवा.’ सिंहानं अंगठा दाखवला. आधी एक रुपया आला, मग दोन लाख चाळीस हजार आले. मी नाणी दिली. सिंह गायब झाला. मी देवाला नमस्कार करून जेवायला बसलो.

चौथ्या दिवशी अप्पा एटीएममधून रिकाम्या हातानं परत आले.

‘गिरी, खातं बंद आहे म्हणतं रे मशीन.’

मी बाथरूममध्ये जाऊन बँकेला फोन लावला. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या सायबर पोलिसांनी अख्खं खातं गोठवलं होतं! पेन्शनसकट, शिलकीसकट. बाहेर अप्पा उभेच होते.

आता खरं सांगायची ती वेळ होती. मी काय सांगितलं? ‘अप्पा, नोव्हेंबर आहे ना! तुमचा हयातीचा दाखला बँकेत पोचला नसेल.’

‘एक तारखेला स्वतः देऊन आलो की!’

‘मग हरवला असेल त्यांच्याकडून.’

‘म्हणजे बँकेच्या लेखी मी मेलो?’ अप्पा भडकले. ‘थांब, दाखवतोच त्यांना!’

मी म्हटलं, अप्पा, मी बघतो ना, तुम्ही कशाला? पण अप्पांनी ऐकलं तर ते अप्पा कसले! दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गोपीचंदन लावून ते निघाले. अंबत्तूरहून लोकलनं सेंट्रल, तिथून जिना चढून-उतरून पार्क स्टेशन, तिथून तांबरम. जायला दोन तास, यायला दोन तास, स्वतः जिवंत आहोत हे दाखवायला! मला वाटलं, एक दिवस जातील आणि दमतील.

इकडे मी सायबर ठाण्याला फोन केला. मनात म्हटलं, महाराष्ट्रातलेच साहेब आहेत, आपलीच भाषा! आमचं घरातलं मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं ते तसंच राहिलंय. तुमच्याशी बोलतो आहे ते पुस्तकं वाचून कमावलेलं. पण घाबरलं की माणसाचं घरातलंच बाहेर येतं. मी अदबीनं सुरुवात केली, ‘साहेबांची आज्ञा व्हावी, मीं चेन्नपट्टणाहून गिरीधरराव विनंती करितों...’

पलीकडून विचारणा झाली, ‘नाटक कंपनीत आहात का?’

‘नाही हो, व्हॉल्व्हच्या कारखान्यात.’

साहेबांनी मग सरळ सांगितलं. विद्युलताबाई नावाच्या एका निवृत्त बालवाडी शिक्षिकेला कोणीतरी व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून धमकावलं. दोन दिवस त्या माउलीला स्वयंपाकघरात बसवून ठेवलं, उठायचं नाही, शेजाऱ्यांशी बोलायचं नाही. तिची सगळी ठेव काढून घेतली. त्यातले दोन लाख चाळीस हजार एक माझ्या खात्यात आले होते.

‘साहेब, मला यातलं काही ठाऊक नाही! मी फक्त नाणी विकली. आत्ताच ते चॅट तुम्हाला पाठवलंय, बघा!’

‘ठाऊक नाही? या टोळ्या आधी एक रुपया टाकून खातं चालू आहे का ते बघतात. आणि तुमच्या चॅटमध्ये तुम्हीच लिहिलंय, आधी एक रुपया पाठवा! ही तर टोळीची खूण झाली.’

‘शुभ असतं हो ते! आमच्याकडे बॅटरीला...’

‘कसली बॅटरी?’

मी समजावायला गेलो आणि जास्तच अडकलो. बॅटरी, पूज्य, आहेर, काळीज! माझंच मला पटेना. शेवटी साहेब म्हणाले, ‘हे बघा, या रकमेवर माझा हक्क नाही, ती बाईंना परत द्यावी, असं लिहून पाठवा. बाकीचं खातं उघडायला मी बँकेला लिहितो.’

‘आणि माझी नाणी?’

‘ती सिंहाकडे मागा.’

विद्युलताबाईंबद्दल मला वाईट वाटलं. पण तुमच्यापासून काय लपवायचं, तेवढंच वाटलं! सही केली तर तीन वर्षांची कमाई बुडाली, आणि अप्पांची शिल्लक घातली तरी बॅटरीला पासष्ट हजार कमी पडणार. ते उसने मागायचे तर सगळं सांगावं लागणार, आणि बायको काय म्हणेल? मी सही केली नाही. श्रीवत्सनं एक वकील दिला, त्यानं आठ हजार घेऊन ‘बघू’ म्हटलं. दवाखान्यातून फोन आला की मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात नक्की.

आणि अप्पा रोज तांबरमला जातच होते! संध्याकाळी इकडच्या नोव्हेंबरच्या पावसात भिजून, पांढरेफटक होऊन यायचे. मी विचारायचो, ‘काय म्हणाले बँकेत?’

‘बघतो म्हणाले,’ एवढंच बोलून ते आडवे व्हायचे. एकदा जिन्यात पायरीवर बसलेले दिसले मला, छातीवर हात ठेवून. मी हात दिला. तोंड मात्र उघडलं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी रेल्वेच्या एका पोलीसबाईंचा फोन आला. पार्क स्टेशनच्या जिन्यावर अप्पा कोसळले होते. डोक्याला खोक पडली होती, कंबरेचं हाड मोडलं होतं, आणि नाडी मिनिटाला अठ्ठावीस!

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं आधी पैसे भरायला सांगितले. तिथे, सगळ्या लोकांसमोर, मी कृष्णवेणीला सगळं सांगितलं. नाणी, सिंह, एक रुपया, साहेब, दाखल्याची थाप, सगळं. मला वाटलं आता तोंडात मारेल. ती बाहेर गेली आणि अर्ध्या तासानं परत आली, हातात पैसे होते आणि मनगटं रिकामी.

‘बांगड्या ठेवून आले,’ ती म्हणाली. ‘अहो, पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर पहिल्या दिवशी ठेवल्या असत्या!’

बॅटरी बसली. अप्पा वाचले, पण दहा दिवस काळजाला रक्त कमी पडलं त्याचं नुकसान भरून येणार नाही म्हणाले डॉक्टर. आता ते पलंगापासून खिडकीपर्यंत चालतात, तेही कृष्णवेणीच्या खांद्यावर हात ठेवून. बांगड्या ठेवल्या त्याच रात्री मी साहेबांना सही करून कागद पाठवला. चार दिवसांत खातं उघडलं! इतकं सोपं होतं ते.

खातं उघडल्याचं कळवायला बँकेच्या मॅनेजर अलमेलू मॅडमचा फोन आला. मी म्हटलं, ‘मॅडम, हयातीच्या दाखल्याचा तुम्हाला उगाच त्रास झाला.’

‘कसला दाखला?’ त्या म्हणाल्या. ‘तुमचे वडील आले त्या पहिल्याच दिवशी मी त्यांना पोलिसांचं पत्र दाखवलं होतं. सगळं समजावून सांगितलं होतं.’

‘मग रोज कशाला येत होते?’

‘माझ्यासमोर खुर्चीत बसायचे आणि एकच सांगायचे. माझा मुलगा चोर नाही, तुम्ही पोलिसांना तसं लिहा. मी म्हणायची, सर, माझ्या हातात नाही. तर म्हणायचे, बरं, उद्या येतो.’

फोन ठेवून मी मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो. रोज संध्याकाळी मी त्यांना ‘काय म्हणाले बँकेत’ विचारत होतो, आणि ते माझ्याकडे बघत होते! मी सांगेन म्हणून वाट बघत असतील. मी नाही सांगितलं.

गेल्या सोमवारी मॅडमनी शिपायाच्या हाती एक फॉर्म पाठवला. अप्पांनी मला पलंगाजवळ बोलावलं, चष्मा लावून बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘गिरी, इथे सही कर.’

मी वाचलं. जॉइंट खात्यातून माझं नाव काढून कृष्णवेणीचं घालायचं होतं.

‘अप्पा!’ मी म्हटलं. ‘तुम्ही तर दहा दिवस मॅडमना सांगत होतात, माझा मुलगा चोर नाही म्हणून!’

‘नाहीच आहेस,’ अप्पा म्हणाले. ‘चोराला अक्कल असते.’

मी सही केली.