रामटेक्यांची दुसरी कॉपी

रामटेके रोज ऑफिसला दोन डबे आणतात. दोन्हींत तेच असतं: पोळ्या, एक कोरडी भाजी, लोणच्याची फोड. एक डबा त्यांच्या टेबलाच्या खणात राहतो आणि दुसरा रस्त्यापलीकडे चहावाल्या दीदीच्या टपरीत, बिस्किटांच्या बरण्यांमागे. नव्या माणसाला याचं नवल वाटतं. मलाही वाटलं होतं, म्हणून मी कारण विचारलं.

"बिल्डिंगले आग लागली तं?" रामटेके म्हणाले.

"आग लागल्यावर जेवणार कोण?"

"काहून? आग लागली म्हनून भूक लागनार नाही काय?"

संध्याकाळी तो दुसरा डबा टपरीतून घेऊन ते रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आपल्या माडीवरच्या खोलीत जातात आणि रात्री तोच जेवतात. लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघं होते, आता एकटे आहेत. हे सगळं मला फार हळूहळू कळलं, कारण रामटेके स्वतःबद्दल बोलत नाहीत. ते कॉपीबद्दल बोलतात.

आमचं ऑफिस म्हणजे एक डेटा सेंटर. एक मोठी थंड खोली, तिच्यात कपाटांच्या रांगा, कपाटांत दिवसरात्र घूं घूं करणारे सर्व्हर, आणि दाराबाहेर रायपूरचा उन्हाळा. खोलीचं तापमान चढलं तर सर्व्हर बंद पडतात आणि मग अर्ध्या शहराची कामं अडतात. रामटेके ती खोली सांभाळतात. मी तिथे कामाच्या पद्धतींची पुस्तकं लिहितो: कोणतं बटण आधी, कोणतं नंतर. ती कोणी वाचत नाही. रामटेके वाचतात आणि दोन प्रती मागतात.

त्यांची दोन वाक्यं ऑफिसात सगळ्यांना पाठ आहेत. कोणी काहीही जपून ठेवलं असं म्हटलं की पहिलं येतं, "हव. दुसरी कॉपी कुठी हाय?" दुसरी आहे असं सांगितलं की लगेच पुढचं, "वापस आणून पाहिली काय?" म्हणजे ती कॉपी उघडते का, चालते का, हे तपासलं का. एका सहकाऱ्यानं लग्नाचे फोटो दोन ठिकाणी ठेवल्याचं अभिमानानं सांगितलं, तर रामटेक्यांनी त्याला तिथंच बसवून सगळे फोटो उघडायला लावले. हळदीपर्यंत येता येता लंच संपला.

त्यांचा तिसरा नियम असा की दोन कॉप्या एका छपराखाली झोपू द्यायच्या नाहीत. डब्यांचं मूळ तिथं आहे.

मागे साहेबांनी खोलीवर नजर ठेवणारं एक यंत्र मागवलं. दिसायला एक काळा, चपटा डबा. खोलीभर लावलेल्या सेन्सरांकडून तापमान, ओल, विजेचा भार, पाण्याची गळती अशा खबरा घ्यायच्या, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवायच्या आणि काही बिघडलं की आमच्या मोबाइलवर संदेश पाठवायचा, एवढंच त्याचं काम. रामटेक्यांनी त्याचं नाव लगेच 'कोटवार' ठेवलं. आमच्याकडे गावावर पहारा देणाऱ्याला कोटवार म्हणतात.

कंपनीचा इंजिनिअर तो बसवायला आला. त्यानं जोडणी केली, घड्याळ लावलं आणि एकेका सेन्सरला नाव देऊ लागला: आर झिरो फोर, टी टू. रामटेके मागे उभे होते.

"भैया, ये नाम किसको समझेगा?"

"सर, यही स्टैंडर्ड है।"

"आर झिरो फोर गरम झाला म्हनलं तं कोनी खुर्चीवरून उठनार नाही," रामटेके माझ्याकडे वळून म्हणाले. "शकुंतला गरम झाली म्हना, पाहा कसे धावतेत."

शकुंतला ही त्यांची बीरगावची मावशी. तिचा पारा कायम चढलेला असे. मागच्या रांगेत जिथे सर्व्हर गरम हवा फेकतात तिथला सेन्सर शकुंतला झाला. बॅटरीच्या खोलीतला मामाजी, कारण मामाजी रेल्वेत होते आणि कमी बोलत. ओल मोजणारी बेबी, ती जरा काही झालं की रडायची. इंजिनिअर दमून खुर्चीवर बसला आणि रामटेक्यांनी संध्याकाळपर्यंत आपलं सगळं गणगोत त्या खोलीत वसवलं.

मग एकदा साहेब घरी जेवायला बसले असताना संदेश आला: 'शकुंतला मर्यादेबाहेर.' मोबाइल बाईसाहेबांच्या हाताजवळ होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी रामटेक्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"रामटेके जी, ये शकुंतला को बदलिए। घर में मुझे आधा घंटा समझाना पड़ा।"

"पन सर, आप दौड़े ना?"

साहेब धावले होते. शकुंतला राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुधा गेली. सुधा माझी बायको. तापानं गेली, आणि शेवटच्या दिवसांत तिला गरमीच फार होई. "जरा पंखा वाढवा ना," एवढंच म्हणायची. पंखा आधीच पुरता फिरत असे.

घरी लोक येत होते, बसत होते, समजूत घालत होते. रामटेके आले आणि बसले नाहीत. खिडकीतला कूलर उघडून त्यांनी पंप साफ केला, वाळकं गवत बदललं, पाणी भरलं आणि निघून गेले. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. त्या रात्री मात्र कूलरची हवा पहिल्यांदा गार आली आणि माझी मुलगी ईशा झोपली.

मी कामावर परतलो तेव्हा पडद्यावर एक नवा हिरवा ठिपका होता, थंड हवा जिथून खोलीत शिरते त्या जाळीच्या अगदी समोर. खाली लिहिलं होतं: सुधा.

मी बराच वेळ पाहत राहिलो. रामटेके शेजारी येऊन उभे राहिले.

"तिथं गरमी पोचतच नाही, भाऊ," ते म्हणाले. "रूममधली सगळ्यात थंडी जागा हाय."

त्या दिवसापासून रोज सकाळी मी घरातून निघायच्या आधी, रामटेक्यांनी लावून दिलेला, कोटवाराचा संदेश येतो: 'सुधा. सामान्य.' मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण सामान्य या शब्दाचं मोल मला ते दोन शब्द वाचताना समजलं.

टपरीतला दुसरा डबाही तेव्हापासून दुपारी माझ्या टेबलावर येऊ लागला. "स्टँडबाय माल कधीमधी तपासा लागते," रामटेके म्हणत. "खाऊन सांगा, चालते का." मी खाऊन सांगत असे. चालत होतं. ते रात्री काय जेवत होते, हे विचारायचं मला पुष्कळ दिवस सुचलं नाही.

आणि रविवार. कोटवाराची सगळी मांडणी, म्हणजे कुठे काय बसवलंय, कोणाचं नाव काय, मर्यादा काय, याची कॉपी रामटेके शनिवारी पेनड्राइव्हवर घेत आणि रविवारी सकाळी शंकर नगरला माझ्या घरी आणून देत. मागच्या आठवड्यातला पेनड्राइव्ह परत नेत. यासाठी त्यांनी साहेबांची लेखी परवानगी काढली होती, अर्थात दोन प्रतींत. पेनड्राइव्ह आमच्या तांदळाच्या डब्यात राही, तांदळात ओल धरत नाही म्हणून.

"तुमच्या घरी का नाही ठेवत?" मी एकदा विचारलं.

"घरात कोनी असलं पाह्यजे, भाऊ. मी तं एकटा."

पेनड्राइव्ह डब्यात गेला की चहा होई. ईशाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती हिंदीतच देते. "अंकल, शक्कर कम?" "हव, बेटा." मग ते कूलरचं पाणी पाहत आणि जात. जेवायचा आग्रह केला की म्हणत, डबा आहे घरी.

यंदा उन्हाळ्यात एका शनिवारी सकाळी कोटवाराचा तो संदेश आला नाही.

मी ऑफिसला पोचलो तेव्हा भिंतीवरचा पडदा काळा होता. पहाटे विजेचा मोठा झटका बसला होता. सर्व्हर वाचले, कोटवार मेला. माणसं हातात थर्मामीटर घेऊन रांगांतून फिरत होती. साहेब शांत होते. "घबराने की बात नहीं। ऑटोमैटिक बैकअप रोज होता है।"

रामटेक्यांनी विचारलं, "कुठी?"

फोनवर इंजिनिअर होता. त्यानं अडखळत खरं काय ते सांगितलं. बॅकअप रोज होत होता, नियमानं होत होता, आणि कोटवाराच्या स्वतःच्याच पोटात साठत होता. घराची दुसरी चावी घरातच ठेवून आम्ही कुलूप लावलं होतं.

"नया यूनिट आज ही लगा देता हूँ सर," इंजिनिअर म्हणाला. "सब नए सिरे से। नाम भी स्टैंडर्ड डाल देंगे।"

साहेब हो म्हणणार एवढ्यात रामटेके म्हणाले, "सर, एक कॉपी है।"

एकच होती. दुसरा पेनड्राइव्ह त्यांनी त्याच सकाळी नव्या कॉपीसाठी पुसून ठेवला होता, आणि कॉपी घ्यायला गेले तर घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवणारा माणूस पहिल्यांदाच एका प्रतीवर उभा होता. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"भाऊ, तांदूळ शिजवले तं नाही ना?"

मी ईशाला फोन लावला.

"पापा, चावल में तो कीड़े लग गए थे," ती म्हणाली. "मैंने सब छत पे धूप में डाल दिया।"

आम्ही स्कूटरवर निघालो. गच्चीवर सुधाची जुनी सुती साडी पसरलेली, तिच्यावर तांदूळ, तांदळावर चिमण्या. ईशा एका टोकाकडून चाळत होती, मी दुसऱ्या टोकाला बसलो, रामटेके मधे गुडघ्यांवर. पेनड्राइव्ह त्यांनाच सापडला. हातात घेतला आणि चटका बसून या हातातून त्या हातात नाचवला.

"जल गया क्या, अंकल?" ईशा रडवेली झाली होती.

"नाही बेटा. ताप आला हाय त्याले."

ऑफिसात नवा कोटवार तोवर बसला होता. इंजिनिअर हात पुढे करून उभा होता, पण रामटेके त्याला ओलांडून थेट थंड खोलीत गेले. त्या जाळीसमोर, मुका झालेला सेन्सर होता तिथे, त्यांनी पेनड्राइव्ह रुमालावर ठेवला.

"थोडा वेळ वहिनीजवळ राहू द्या," ते म्हणाले. "तापलेलं असते तवा जबरदस्ती नाही करा लागत."

आम्ही दोघं थंडीत उभे राहिलो. मला वाटलं होतं की त्या नावाची मला सवय झाली आहे. सवय झाली नव्हती. एक नाव पुन्हा टाइप करता येतं, हे मला समजत होतं. तरी मला ते टाइप करून नको होतं. रामटेक्यांनी ठेवलं होतं तेच, त्याच दिवसाचं, परत हवं होतं.

पेनड्राइव्ह लावला. यंत्र बराच वेळ विचार करत राहिलं. मग पडद्यावर आधी मामाजी आले. मग बेबी आली आणि आल्या आल्या रडली. मग लाल होऊन शकुंतला आली, अलार्म वाजला, आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "शकुंतला आ गई!" शकुंतलेचं एवढं स्वागत बीरगावातही झालं नसेल.

जाळीसमोरचा ठिपका राखाडी होता. 'संपर्क नाही.' रामटेके आत गेले, वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती.

ठिपका हिरवा झाला. माझ्या खिशात मोबाइल थरथरला. मी तो लगेच काढला नाही. काय लिहिलंय ते मला माहीत होतं.

बाहेर येऊन रामटेके म्हणाले, "वापस आली." आणि चष्मा पुसायला लागले.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी शहाणपणाचं काम केलं. आता कोटवाराची कॉपी रोज आपोआप आमच्या दुसऱ्या इमारतीत जाते, आणि रामटेक्यांच्या हट्टामुळे ती तिथे उघडूनही पाहिली जाते. "अब पेनड्राइव बंद, रामटेके जी। चावल आराम से खाइए," साहेब हसत म्हणाले. रामटेकेही हसले. मीही सुटकेचा श्वास सोडला. रविवारचं मात्र मला शनिवारी संध्याकाळी आठवलं.

रविवारी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो. एकच पान वाचत होतो. नेहमीची वेळ टळली.

"अंकल आज नहीं आएंगे क्या?" ईशानं विचारलं.

"आता काम नाही ना त्यांना."

तिनं चहाचं भांडं ओट्यावर काढून ठेवलं होतं, ते परत आत ठेवलं नाही.

फाटक वाजलं. रामटेके दारात उभे होते, घामानं भिजलेले. त्यांनी सवयीनं शर्टाच्या खिशात हात घातला. मग पँटच्या. मग पिशवी चाचपली. कशातच काही नव्हतं, आणि असणारही नव्हतं, हे त्यांना आमच्यासमोर उभं राहिल्यावर लक्षात आलं असावं. ते काहीतरी कारण शोधू लागले. मी त्यांना बारा बाजूंनी विचार करताना पाहिलंय, पण त्या दिवशी त्यांच्याकडे एकही कारण नव्हतं. दुसरं तर नव्हतंच.

"कूलर..." ते म्हणाले.

"चांगला चालतोय," मी म्हणालो, आणि खुर्ची पुढे ओढली.

ते बसले. रुमाल काढून कूलरच्या हवेत घाम पुसला.

"तांदूळ भरले काय डब्यात?"

"भरले. एक दाणासुद्धा वाया गेला नाही."

"हव," रामटेके म्हणाले. मग भिंतीवरच्या सुधाच्या फोटोकडे पाहत हळूच म्हणाले, "मंग आज भात खाऊनच जातो, भाऊ. डबा नाही केला आज."