साच्यातली अक्कलदाढ

जावयाने सासूबाईंच्या दातांच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हाच बायकोला बजावून सांगितलं, की यावेळी आई माझं तोंडभरून कौतुक करणार! लग्न झाल्यापासून सासूबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघून "ब्रश नीट करत जा" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, आणि ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

प्रोग्राम साधाच होता. 'पेशंट' नावाचा एक क्लास, म्हणजे पेशंटचा साचा. नवा माणूस आला की साच्यातून त्याची नोंद पाडायची. दुखणं, उपचार, सूचना यांचा तक्ता प्रत्येक नोंदीला वेगळा द्यावा, असं शहाणे सांगतात. याने तो सरळ साच्याच्याच पोटात बसवला. घरचं सामान घरात, शोधाशोध नको, असं म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी एका धिप्पाड ट्रकवाल्याची नोंद केली: अक्कलदाढ, काढणे. बाहेर थांबलेल्या पेशंटसाठी लावलेल्या पडद्यावर ते त्याच्या नावापुढे झळकलं. आणि खालच्या झाडून सगळ्यांच्या नावांपुढेही झळकलं! साच्यात तक्ता एकच. एकाचं लिहिलं की ते सगळ्यांचं होत होतं. नुसते दात स्वच्छ करायला आलेले निवृत्त हेडमास्तर छत्री उचलून दाराकडे निघाले. कवळीवाल्या आजीबाई मात्र, माझी दाढ कुठून काढतात ते बघू तरी, म्हणत ऐसपैस बसल्या.

तिथेच बसलेला जावई चूक शोधायला धावला. तो लॅपटॉप उघडतो न उघडतो, तोच सासूबाईंनी एका रडणाऱ्या चिमुरडीची नोंद केली: दुधाचा दात, मुळीच दुखणार नाही, जाताना फुगा द्यावा.

पडद्यावर आता सगळ्यांच्या नावांपुढे हेच आलं. हेडमास्तरांनी वाचलं, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि लाल फुगा आहे का, अशी चौकशी केली. ट्रकवाल्याला निळा हवा होता. आजीबाई हसता हसता कवळी सांभाळत होत्या, आणि चिमुरडी रडायचं विसरून या मोठ्या माणसांकडे बघत होती.

संध्याकाळी जावयाने मान खाली घालून सांगितलं, "आई, चूक माझीच. आता प्रत्येकाला वेगळा तक्ता दिलाय. पुन्हा असं होणार नाही."

सासूबाईंनी हातमोजे काढले. "आज एकही पेशंट घाबरून पळाला नाही, जावईबापू. इतकं छान काम तुम्ही आजवर केलं नव्हतंत."

जावई आनंदाने फुलून गेला.

"तेव्हा ती दुरुस्ती तेवढी काढून टाका."

त्याने ती मुकाट्याने काढली. आईंनी कौतुक केलं, हे त्याने बायकोला घरी पोचायच्या आधीच फोन करून कळवलं. कशाचं केलं, ते मात्र अजून सांगितलेलं नाही.