सांगून खाल्लेल्या चारोळ्या

मुलांनो, आधी एक सांगा. खाऊचा डबा तुम्ही कोणाकडे ठेवाल? गुपचूप खाणाऱ्याकडे, की "मला खाऊ फार आवडतो हं" असं आधीच सांगणाऱ्याकडे?

दुसऱ्याकडे म्हणालात ना? मीही तेच केलं होतं. दुकानात माझा एक भागीदार होता. पोत्यातलं खोबरं तो नेहमी मला सांगून खायचा. त्यामुळे रागावता यायचं नाही. सांगून खाल्लेलं खोबरंही परत येत नाही, हे मला पोतं रिकामं झाल्यावर कळलं. असो. गोष्ट ऐका.

एका जंगलात पुष्कळ खारी राहत होत्या. उन्हाळ्यात त्या चारोळ्या वेचायच्या, पावसाळ्यासाठी जमिनीत पुरायच्या, आणि कुठे पुरल्या ते विसरून जायच्या.

"हा काय कारभार झाला?" माकडशेठ म्हणाले. "कंपनी काढा! सगळ्यांच्या चारोळ्या एका जागी ठेवू. मालक तुम्ही. आम्ही फक्त सांभाळणार."

झिपरी नावाच्या खारीला हे पटलं. तिला तीन पिल्लं होती आणि गेल्या पावसाळ्यात ती अर्धपोटी झोपली होती. यंदा वेचलेल्या सगळ्या चारोळ्या तिने कंपनीत टाकल्या.

माकडशेठ, घूसमावशी, साळिंदरराव आणि कासवआजोबा संचालक झाले. त्यात कासवआजोबा स्वतंत्र संचालक. घर स्वतःच्याच पाठीवर, म्हणजे कोणाचे मिंधे नाहीत. सभेला आले की कोवळ्या पाल्याची एक जुडी मिळायची, तेवढंच.

कंपनीचा नियम मोठा कडक. ज्या विषयात आपला फायदा असेल, त्यात तो उघड सांगायचा आणि निर्णय होईपर्यंत बाहेर जाऊन बसायचं.

पहिल्याच सभेत घूसमावशी उठल्या. "गोदामासाठी बीळ भाड्याने घ्यायचं आहे. बीळ माझं आहे. मी लपवणार नाही. ही मी निघाले."

काय टाळ्या पडल्या म्हणता!

"जमलेल्या चारोळ्यांचे चार ढीग आहेत, भाडं म्हणून त्यातला एक," माकडशेठ म्हणाले.

"शेठ, जरा जास्त होत नाही का?" मागून झिपरी म्हणाली.

"अगं, ती बिचारी स्वतःहून उन्हात जाऊन बसली आहे, आणि तू घासाघीस करतेस?"

ठराव मंजूर झाला. मग मावशी आत आल्या आणि शेठ बाहेर गेले. चारोळ्या झाडावरून बिळात न्यायचं काम शेठना मिळालं. त्याचा एक ढीग. पुढे साळिंदररावांची पाळी. पहाऱ्याचा एक ढीग.

"पहारा कोणापासून?" झिपरीने विचारलं.

"घुशीपासून," साळिंदरराव दारातून म्हणाले. "बीळ तिचंच आहे ना. धोका नको."

झिपरी कासवआजोबांकडे वळली. "आजोबा, तुम्ही तरी बोला. माझ्या पिल्लांच्या तोंडचं आहे हो!"

आजोबांनी पाला चावत बराच विचार केला. "विषय नाजूक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी मान कवचात ओढून घेतली.

"नोंद करा," माकडशेठ म्हणाले. "पाठ सभेत आहे, म्हणजे हजेरी पूर्ण. डोकं सभेत नाही, म्हणजे हरकत नाही."

पाऊस लागला. पिल्लं भुकेने चिवचिवू लागली, तशी झिपरी बाकीच्या खारींना घेऊन गोदामावर गेली. आत संचालकांची सभा भरली होती. बीळ झाडून स्वच्छ होतं.

"चौथा ढीग कुठे गेला?"

"सभांना फराळ लागतो की नाही?" घूसमावशी म्हणाल्या. "आणि आम्ही काही लपवलं का?"

"नाही."

"दर वेळी बाहेर जाऊन बसलो ना?"

"बसलात हो. पण चारोळ्या माझ्या होत्या! माझी पिल्लं घरी उपाशी आहेत!"

माकडशेठ एकदम ताठ झाले. "म्हणजे या विषयात तुझा स्वतःचा फायदा आहे?"

"आहेच!"

"मग तू बाहेर जा. नियम सगळ्यांना सारखा."

झिपरी बाहेर गेली. तिच्यामागून सगळ्याच खारी बाहेर गेल्या, कारण फायदा सगळ्यांचाच होता. आत मालक कोणी उरला नाही, त्यामुळे संचालकांचे आभार एकमताने मानले गेले. कासवआजोबांनी तेवढ्यापुरती मान बाहेर काढली होती.

बाहेर पावसाने माती धुऊन नेली होती. झिपरीच्या पायाला काहीतरी टोचलं. चारोळी! पुढे आणखी. गेल्या वर्षी पुरून विसरलेल्या त्या चारोळ्या उघड्या पडल्या होत्या. तिने गाल भरले आणि पिल्लांकडे धूम ठोकली.

तात्पर्य: आपला माल विश्वासू मंडळींकडे कधीही सोपवू नये. कुठेतरी पुरावा आणि विसरून जावा. विसरभोळा मालक कंपनीपेक्षा परवडतो.

पण मुलांनो, मोठेपणी तुम्ही संचालक व्हालच. तेव्हा या म्हाताऱ्या दुकानदाराची एक विनंती. हिशोब प्रामाणिकपणे लिहा. खाल्लं असेल तर 'खाल्लं' असंच लिहा. 'सांभाळलं' लिहू नका.