पर्यटक थांबला पाहिजे

आमच्या शिवलिंगअप्पांकडे मुक्कामाला आलात, तर चपला उशाशी घेऊन झोपा. अप्पा चोर नव्हेत. पण सकाळी निघताना तुमच्या चपला जागेवर नसतील आणि अप्पा दारात उभे राहून म्हणतील, "जायची काय गडबड हाय?"

आमचं गाव देगलूरच्या पलीकडचं. जुनी दगडी देवळं बघायला चार माणसं यायची, ती कोरोनात बंद झाली. मग सरकारला पर्यटनाची काळजी लागली. घरातली एक खोली पाहुण्यांना भाड्यानं द्या, अशी योजना आली. तालुक्याला प्रशिक्षण झालं. शेजारधर्म म्हणून अप्पांसोबत मीही गेलो. साहेब घसा ताणून सांगत होते, "पर्यटक नुसता येऊन उपयोग नाही, पर्यटक थांबला पाहिजे! तो एक दिवस जास्त थांबला, तर गावाला रोजगार." बाकीचे अनुदान कधी मिळेल ते विचारत होते. अप्पांनी मात्र हे वाक्य गाठीशी बांधलं.

गावाबाहेर पाटी लागली, खोलीत नवी गादी आली. पाहुणे मात्र कधीमधीच. जे आले त्यांच्या चपला ज्वारीच्या कणगीत सापडायच्या, तोवर एसटी निघून गेलेली असायची. मग भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणखी एक मुक्काम. निघताना भाडं घ्यायला अप्पा लाजायचे आणि वर टॉवेल-टोपीचा आहेर करायचे.

"अप्पा, असा धंदा करतात का?" मी चिडायचो.

"सरकारचंच म्हणणं हाय की, पर्यटक थांबला पायजे. मी काय वेगळं करायलोय?"

सगळ्या तालुक्यात ती योजना मनापासून राबवणारा हा एकच माणूस.

खरं तर खोड जुनीच. अप्पांच्या बायको, आमच्या काकू, होत्या तेव्हा अप्पा सोयऱ्याधायऱ्यांच्या चपला लपवायचे आणि काकू आत पिठलं टाकायच्या. दोघं मिळून घर भरलेलं ठेवायची. काकू कोरोनात गेल्या. दवाखान्यात नेलं, ते परत आणलंच नाही. तेव्हापासून अप्पा एकटे.

गेल्या वैशाखात पुण्याच्या एक बाई देवळांचे फोटो काढायला आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडहून त्यांची गाडी होती आणि चपला गायब. अप्पा हसत दारात उभे. मी कणगी चाचपली, माळा बघितला. या वेळी जागा बदललेली. एसटीची वेळ झाली तशा बाई वैतागल्या.

"राहू द्या चपला. मी अशीच जाते." त्यांनी पिशवी उचलली आणि अंगणातल्या तापल्या फरशीवर पाय ठेवला.

"अनवाणी न्हाई!" अप्पा असे ओरडले की मी दचकलो. धावत आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून आले. गाठ सुटेना, मीच सोडली. आत बाईंच्या चपला होत्या. आणि आणखी एक जोड, झिजलेल्या टाचांचा.

"या माझ्या नाहीत," बाई म्हणाल्या.

अप्पा खाली बसले. "तिच्या हायत. ॲम्ब्युलन्स आली तवा मी लपवल्या. म्हणलं, चपलाच न्हाईत तर कशी जाईल? ती थांबली न्हाई. तशीच चढली गाडीत. ऊन असंच होतं, माय. पाय पोळले असतील तिचे."

त्या दिवसांत कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं, त्यामुळे हे कुणी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"अप्पा, राहते मी आजचा दिवस."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आपण होऊन राहतो म्हणत होतं. अप्पांनी मान हलवली. बाईंच्या चपला धोतराच्या सोग्यानं पुसल्या आणि त्यांच्या पायांसमोर सरळ मांडल्या.

"न्हाई, जावा माय. पायात घालून जावा."