इचारनाना आणि चेपलेला कॅन

अन्याय शेवंताकाकूवर झाला. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात वाजता, आमच्या गावच्या दूध संस्थेच्या दारात. काकू माझी चुलती. आमच्या वस्तीत सरकारी योजनेतल्या म्हशी आल्या, म्हणून ती पहिल्यांदाच चरवी घेऊन रांगेत उभी राहिली. सेक्रेटरी गुलाबरावांनी मोठ्या कॅनावर झाकण दाबलं, कोपऱ्यातला तेवढ्याच मापाचा एक चेपलेला कॅन पायानं पुढं सरकवला आणि म्हणाले, "बौद्धवाड्याचं ह्यात."

चेअरमन भानुदासनाना तिथंच खुर्चीवर बसले होते. ते काय म्हणाले? म्हणाले, "गुलाबराव, त्याला झाकण हाय का?"

बस. एवढंच!

मी त्याच दिवशी जवळच्या वाशी गावाला जाऊन सायक्लोस्टाइलवर पत्रक काढलं. मथळा होता : 'दुधाला जात असते काय?' नानांनी ते चष्मा पुसून वाचलं आणि मला विचारलं, "शेवटी प्रश्नचिन्ह तू घातलंस का छापणाऱ्यानं?"

या माणसानं उभ्या आयुष्यात सरळ उत्तर दिलेलं कुणी ऐकलेलं नव्हतं. गाव त्यांना इचारनाना म्हणायचं. तालुक्याचा साहेब येऊन म्हणाला, "इथले चेअरमन कोण?" तर नाना म्हणाले, "तुमाला कोण वाटतंय?" जनावरांच्या डॉक्टरनं विचारलं, "म्हैस कधीपासून खात नाही?" तर, "तिच्यापुढं काय टाकलंय ते बघितलं का?" डॉक्टर चिडला, पण गव्हाणीत बघितलं. बुरसटलेला कडबा होता.

हे मात्र कबूल केलं पाहिजे की संस्था याच खोडीवर वाढली. मेंढरं विकून नानांनी चार घरांचं दूध गोळा करायला सुरुवात केली. दर मीटिंगला त्यांचा एकच प्रश्न : "कुणाच्या दारात म्हैस हाय आन् आपल्या दारात दूध न्हाय? का न्हाय?" मग कुणीतरी सांगायचं, अमक्याला वेळ जमत नाही, तमक्याचं मापावरून भांडण झालंय. नाना ऐकायचे. पुढच्या महिन्यात अमका आणि तमका रांगेत.

आमच्या वस्तीबद्दल मात्र त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. माझा राग तिथं होता.

शिमग्याच्या सुमारास वैरण संपली, म्हशी आटल्या. रोज दूध न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यानं सांगून टाकलं, "भरलेला कॅन असंल तरच गाडी तुमच्या फाट्यावरून आत वळवीन. अर्धे कॅन वाहायला म्या काय येडा न्हाय." आणि आमच्याकडं होते दोन. गावाचा मोठा कॅन अर्धा, आमच्या वस्तीचा चेपलेला कॅन अर्धा. दोन दिवस टेम्पो आला नाही. दोन दिवस दूध नासलं. तिसऱ्या दिवशी संस्थेत मीटिंग बसली. मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून गेलो.

नानांनी सुरुवात केली. "गुलाबराव, अर्धं आन् अर्धं किती?"

मागून एकजण म्हणाला, "नाना, हिशेब कळतोय. पर लोक काय म्हणतील?"

"संस्था बंद पडली तर दूध कुठं घालणार?"

"खव्याच्या भट्टीवर."

"तिथं कढया किती?"

"एकच की."

"तिथं कोण कोण घालतंय?"

"समदेच."

"आन् खवा कुठं जातोय?"

"तुळजापूरला. पेढेवाल्यांकडं."

नाना खुर्चीत जरा पुढं सरकले. "आईचा पेढा आजपातूर ज्यांनी खाल्ला न्हाय, ते हात वर करतील का?"

एकही हात वर झाला नाही. मागच्या भिंतीला टेकलेली एक म्हातारी फिसकन हसली आणि मग सगळी मीटिंगच हसायला लागली. गुलाबराव उठले. त्यांनी मोठ्या कॅनाचं झाकण काढलं आणि कॅन उघडाच दारात ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकूची चरवी मोठ्या कॅनात रिकामी झाली. फाट्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पण राग उतरला नव्हता. मी नानांना म्हणालो, "संस्था बुडायला लागली तेव्हा सुचलं तुम्हाला. पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत?"

नाना खुर्चीवरून उठले. उलटा प्रश्न नाही, काही नाही. धोतराचा सोगा सावरत निघून गेले.

संध्याकाळी ते आमच्या वस्तीत आले. काकूच्या दारात उभे राहून म्हणाले, "शेवंताबाई, चहा मिळंल का?"

काकू काही कच्ची नाही. "मिळंल की. पर कप आमचाच हाय बरं का नाना. येगळा न्हाय."

"म्हनूनच आलोय न्हवं का?"

"बसा. साखर किती घालू?"

नाना टेकता टेकता थांबले. त्यांची मंडळी जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. एका भाकरीची चूल, हे गावाला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, विचारणं वेगळं.

"बाई," ते म्हणाले, "मी गावाला इचारत फिरतो. मला सहा वर्सांत कुणी माझं सोताचं काय इचारलंच न्हाय."

"आता इचारलं न्हवं? सांगा की लौकर, चहा उतू चाललाय!"

"दोन चमचे," नाना म्हणाले.

हे त्यांचं मी ऐकलेलं पहिलं सरळ उत्तर.

वाचकहो, माझी मागणी साधी आहे. उद्या सकाळी आपल्या गावच्या डेअरीत जा. कोपऱ्यात चेपलेला कॅन दिसला तर मोठ्यानं विचारा, हा कुणासाठी? टेम्पो येईनासा व्हायची वाट बघू नका. पहिल्याच दिवशी विचारा. आणि तिथला चेअरमन एकटा राहत असेल, तर त्याला चहात साखर किती लागते, तेही विचारून या.